मनाच्या आजाराच्या गोळ्या सुरू आहेत? बंद करण्याआधी हे वाचा : नांदेड-लातूरच्या कुटुंबांसाठी सविस्तर माहिती

दिवाळी झाली की मुखेड, कंधार, लोहा, जळकोट, अहमदपूर भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते, ट्रॅक्टर दारात उभा असतो. भांडीकुंडी, ज्वारीचं पीठ, लेकरं, शेळी सगळं भरलं जातं. घरातल्या एकाच्या मनाच्या आजाराच्या गोळ्या मात्र बहुतेक वेळा फळीवरच राहतात. कधी विसरून, कधी मुद्दाम. "आता बरा हाय की तो, झोपतोय, जेवतोय, कामाला जातोय. कशाला रोज गोळ्या खायच्या?" असा विचार घरात होतो.

पुढचं चित्र तालुक्यातल्या कुठल्याही आशाताईला विचारा. पंधरा दिवस, महिना काही होत नाही. मग रात्रीची झोप उडते. माणूस एकटाच पुटपुटायला लागतो, भाकरीत कुणीतरी काही कालवलंय म्हणतो, सोबतच्या कोयत्यांवर संशय घेतो. परक्या जिल्ह्यातल्या फडात ना ओळखीचा डॉक्टर असतो ना जुनी फाईल. अर्धवट हंगाम सोडून घरी यावं लागतं आणि उचल अंगावर राहते.

हे टळू शकतं. त्यासाठी या गोळ्या काय करतात, त्यांचा त्रास कधी होतो, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, एवढं घरातल्या किमान दोघांना नीट माहीत हवं. ती सगळी माहिती इथं एका जागी दिली आहे.

या गोळ्या नेमक्या कशाच्या?

कानात आवाज येणं, नसलेली माणसं दिसणं, सगळे आपल्याविरुद्ध कट करतायत असं ठामपणे वाटणं, बोलण्याचा काही मेळ न लागणं, अशा अवस्थेला डॉक्टर 'सायकोसिस' म्हणतात. स्किझोफ्रेनिया (छिन्नमनस्कता) हा त्यातला सगळ्यात माहीत असलेला आजार. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात दर 300 माणसांमागे साधारण एकाला तो असतो. म्हणजे हजार-दीड हजार वस्तीच्या गावात तीन-चार घरं निघावीत, इतका तो आपल्या जवळचा आहे. बायपोलर आजारातली 'तेजी', भास होणारं तीव्र नैराश्य आणि बाळंतपणानंतर बाईला होणारा मानसिक आजार (ज्याला गावात 'बाळंतवात' म्हणून सोडून देतात) यातही याच प्रकारच्या गोळ्या दिल्या जातात.

या औषधांना 'अँटिसायकोटिक' म्हणतात. पहिलं औषध क्लोरप्रोमाझिन. ते 1952 साली पॅरिसमध्ये मनोरुग्णांना देऊन पाहिलं गेलं आणि तिथून मानसिक आजाराच्या उपचाराची दिशाच बदलली. पुढं हॅलोपेरिडॉल आलं. आज आपल्याकडं जास्त करून रिस्पेरिडोन, ओलान्झापिन, क्वेटियापिन, अरिपिप्राझोल, अमिसल्प्राइड ही नावं चिठ्ठीवर दिसतात. बाकी औषधांचा गुण आला नाही तर क्लोझापिन दिलं जातं. कंपनीचं नाव काहीही असो, पट्टीच्या मागं बारीक अक्षरात औषधाचं मूळ नाव छापलेलं असतं. ते नाव आणि त्यापुढचा मिलिग्रॅमचा आकडा वहीत लिहून ठेवा. पुढं प्रत्येक वेळी तेच कामाला येतं.

गुण यायला किती दिवस लागतात?

चिडचिड, आरडाओरड आणि झोप यात काही दिवसांतच फरक पडतो. पण आवाज आणि संशय जायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात, काहींना त्याहून जास्त. "आठ दिवस झाले, अजून बडबडतोय, डॉक्टर बदला" ही घाई नडते. डॉक्टर बदलला की औषध बदलतं आणि मोजणी पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू होते.

दुसरा प्रश्न हमखास विचारला जातो : सवय लागते का? या औषधांची दारूसारखी नशेची सवय लागत नाही. डोस वाढवत नेण्याची तलफ येत नाही. सवय लागणाऱ्या गोळ्या वेगळ्या असतात, अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम या गटातल्या झोपेच्या. सुरुवातीच्या काही दिवसांसाठी डॉक्टर त्याही सोबत देतात आणि नंतर कमी करत बंद करतात. आपल्या चिठ्ठीतली कोणती गोळी थोड्या दिवसांची आणि कोणती लांबची, हे पहिल्याच भेटीत विचारून पट्टीवर पेनाने खूण करून घ्या.

बरं वाटलं तरी गोळ्या का चालू ठेवायच्या?

बीपी आणि शुगरची गोळी चालू असते म्हणून बीपी, शुगर ताब्यात असते. इथंही तेच. 2012 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात 65 चाचण्यांचा एकत्रित अभ्यास प्रसिद्ध झाला. गोळ्या चालू ठेवलेल्यांपैकी साधारण 27 टक्के लोकांना वर्षभरात आजार उलटला. गोळी बंद करून औषध नसलेली दिखाऊ गोळी दिलेल्यांमध्ये हेच प्रमाण 64 टक्के होतं. म्हणजे गोळी घेणाऱ्याला आजार उलटणारच नाही असं नाही. पण धोका निम्म्याहून कमी होतो.

आणि आजार दर वेळी उलटला की सावरायला वेळ जास्त लागतो. तोवर नोकरी जाते, शिक्षण सुटतं, संसार मोडायला येतो.

किती काळ घ्यायच्या? पहिल्यांदाच आजार झाला असेल तर पूर्ण बरं वाटल्यानंतरही साधारण एक ते दोन वर्षं. दोन-तीनदा उलटला असेल तर पाच वर्षं किंवा त्याहून जास्त, काहींना कायम. हे ठरवणार मनोविकारतज्ज्ञ. बंद करायच्या असल्या तरी एकदम करत नाहीत, काही महिन्यांत थोड्या थोड्या कमी करत नेतात.

आपल्याकडं गोळ्या अचानक बंद होण्याची कारणं ठरलेली आहेत :

- लग्न ठरलं. सासरी कळू नये म्हणून मुलीच्या गोळ्या माहेरीच ठेवल्या जातात. लग्नाची धावपळ, जागरण, नवं घर आणि त्यात गोळी बंद. आजार उलटायला याहून सोपी वाट नाही. 'लग्न केलं की सुधारेल' हाही गैरसमजच.
- दिवस गेले. बाळाला त्रास होईल या भीतीनं बाई स्वतःच गोळ्या सोडते. असं करू नका, लगेच डॉक्टरांना भेटा. ते औषध तेच ठेवतील, बदलतील किंवा डोस कमी करतील. व्हॅल्प्रोएट नावाची गोळी चालू असेल तर मात्र दिवस जाण्याचा विचार करण्याआधीच सांगा. ती गरोदरपणात बाळाला घातक ठरू शकते.
- उपवास आणि रोजा. श्रावण, नवरात्र, एकादशी असो की रमजान, गोळ्या बंद करायची गरज बहुतेकांना पडत नाही. वेळ रात्रीची करून घेता येते. रमजानच्या आठ-पंधरा दिवस आधी डॉक्टरांना विचारा. लुरासिडोन मात्र पोटभर जेवणासोबतच घ्यायचं औषध आहे, रिकाम्या पोटी ते अंगी लागत नाही.
- कुणीतरी सांगितलं. "गोळ्यांनी किडनी जाते", "मेंदू सुस्त होतो." सांगणाऱ्याला औषधाचं नाव तरी विचारा.
- पैसे संपले. याचा मार्ग खाली दिला आहे.

एखादी गोळी चुकली तर?

त्याच दिवशी आठवली तर घ्या. पुढच्या गोळीची वेळ जवळ आली असेल तर चुकलेली सोडून द्या. दोन गोळ्या एकदम घेऊ नका. सलग दोन-तीन दिवस चुकल्या तर डॉक्टरांना फोन करून मगच पुढं जा. क्लोझापिनचा नियम कडक आहे : 48 तासांपेक्षा जास्त खंड पडला तर पुन्हा पहिल्याच डोसने सुरू करायचं नाही, अगदी कमी डोसपासून वाढवत न्यावं लागतं. एकदम पूर्ण डोस घेतला तर बीपी पडून माणूस कोसळू शकतो.

त्रास होतो तो कोणता आणि काय करायचं?

त्रास होऊ शकतो. तो लपवून ठेवला की रुग्णाचा औषधावरचा विश्वास उडतो. म्हणून आधीच माहीत असलेला बरा.

*मान वाकडी होणं, डोळे वर चढणं, जीभ बाहेर येणं :* औषध सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर पहिल्या काही दिवसांत, विशेषतः तरुण पोरांना आणि हॅलोपेरिडॉलसारख्या जुन्या औषधांनी हे होऊ शकतं. दिसायला भयंकर असतं. गावात लगेच 'लागीर झालं', 'भानामती केली' अशी बोंब उठते आणि पेशंट देवरुषाकडं नेला जातो. खरं तर स्नायू आखडलेले असतात. दवाखान्यात इंजेक्शन दिलं की बहुतेकदा अर्ध्या-पाऊण तासात मान सरळ होते. जवळच्या ग्रामीण रुग्णालयात चालू औषधाची पट्टी दाखवून सांगा, "या गोळ्या चालू आहेत, त्यानंतर असं झालं." श्वास घ्यायला किंवा गिळायला त्रास होत असेल तर एक मिनिट थांबू नका.

*एका जागी बसवत नाही :* पाय सारखे हलतात, माणूस येरझाऱ्या घालतो, आतून तगमग होते. घरच्यांना वाटतं आजारच वाढला. कधी कधी त्या तगमगीत जीव नकोसा वाटतो. डॉक्टरांना लवकर सांगा, डोस किंवा औषध बदलून हे कमी होतं.

*हात थरथरणं, चाल मंदावणं, लाळ गळणं, चेहरा ठोकळ्यासारखा होणं :* यासाठी ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळी जोडून देतात. अनेकदा ती रिस्पेरिडोनसोबत एकाच गोळीत असते. ही जोडगोळी मनाने वाढवायची नसते. तिने तोंड कोरडं पडतं, लघवी अडते, विसराळूपणा येतो.

*झोप, सुस्ती :* सुरुवातीला जास्त, नंतर कमी होते. दिवसाची गोळी रात्री घेता येते का ते विचारा. सुस्ती असेपर्यंत मोटारसायकल, ट्रॅक्टर, मळणीयंत्र, कडबाकुट्टी यापासून लांब राहा. विहिरीवरची मोटार एकट्याने चालू करायला पाठवू नका.

*उठताना चक्कर :* अंथरुणातून एकदम उठू नका. आधी बसा, मग उभे राहा. म्हाताऱ्या माणसांनी रात्री लघवीला उठताना कुणाचा तरी आधार घ्यावा.

*वजन आणि शुगर :* ओलान्झापिन आणि क्लोझापिनने भूक खूप वाढते. काही महिन्यांत वजन चढतं, शुगर आणि चरबी वाढते. गोळी सुरू करताना वजन, कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी शुगर आणि चरबीची तपासणी करून घ्या, तीन महिन्यांनी पुन्हा, मग दरवर्षी. गोड चहा दिवसातून पाच-सहा वेळा होत असेल तर तिथूनच कमी करायला सुरुवात करा.

*पाळी बंद होणं, छातीतून दूध येणं, पुरुषांमध्ये इच्छा कमी होणं :* रिस्पेरिडोन आणि अमिसल्प्राइडने हे होऊ शकतं. लाजेपोटी कुणी बोलत नाही आणि गोळी गुपचूप बंद होते. पाळी चुकली म्हणजे दिवस गेले असंच नसतं, तपासून घ्या. औषध बदलून हे ठीक करता येतं. डॉक्टरांपुढं बोलायला अवघड वाटत असेल तर सिस्टर किंवा आशाताईला सांगा.

*बद्धकोष्ठ :* क्लोझापिन घेणाऱ्याला तीन दिवस शौचाला झालं नाही, पोट फुगलं, उलटी झाली तर ते साधं समजू नका, दवाखाना गाठा.

*तोंड, जीभ, जबडा आपोआप हलत राहणं :* वर्षानुवर्षं औषध घेतल्यावर काहींना होतं. लवकर लक्षात आलं तर उपाय करायला वाव असतो. दर सहा महिन्यांनी डॉक्टरांना जीभ आणि बोटं दाखवा.

या खुणा दिसल्या तर त्याच दिवशी दवाखाना, गरज पडली तर 108

1. खूप ताप, अंग लाकडासारखं कडक, घाम, बोलण्यात गोंधळ. ही दुर्मिळ पण जीवघेणी अवस्था आहे. गोळी थांबवा आणि मोठ्या दवाखान्यात न्या.
2. क्लोझापिन चालू असताना ताप, घसा दुखणं, तोंडात फोड. पांढऱ्या पेशी कमी झाल्या असण्याची शक्यता असते. म्हणूनच या औषधावर सुरुवातीचे 18 आठवडे दर आठवड्याला रक्त तपासतात आणि नंतर महिन्याला. तपासणी टाळून गोळी चालू ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ.
3. छातीत धडधड, अचानक शुद्ध हरपणं, फिट.
4. एकदम खूप गोळ्या खाल्ल्या. उलटी करवत बसू नका. रिकाम्या पट्ट्या सोबत घेऊन निघा.
5. जीव देण्याची भाषा, किंवा कुणाला मारण्याचे आवाज कानात येत असल्याचं सांगणं.

ऊन, फवारणी, दारू, बिडी : आपल्या भागातले धोके

एप्रिल-मेमध्ये नांदेड-लातूरचा पारा 42 अंशांच्या वर जातो. या गोळ्यांनी शरीराची उष्णता सांभाळण्याची यंत्रणा मंदावते, आणि ट्रायहेक्सिफेनिडिलने घामही कमी येतो. त्यामुळं अशा माणसाला उष्माघात इतरांपेक्षा लवकर होऊ शकतो. दुपारी बारा ते चार उन्हातलं काम टाळा, डोक्याला ओला रुमाल बांधा, तहान लागायची वाट न बघता पाणी प्या. लिथियमची गोळी चालू असेल तर आणखी जपा. अंगातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढून विषारी होऊ शकतं. जुलाब-उलट्या लागल्या तरी डॉक्टरांना विचारा.

कापूस, सोयाबीनच्या फवारणीच्या दिवसांत घरात औषधाच्या बाटल्या उघड्यावर असतात. ज्या घरात मनाच्या आजाराचा रुग्ण आहे, तिथं कीटकनाशक आणि गोळ्या दोन्ही कुलपात हव्यात, आणि किल्ली दुसऱ्याकडं. गोळ्या महिनाभराच्या एकदम हातात न देता आठवड्याच्या द्या. हे संशय घेणं नाही, घरातल्या सगळ्यांसाठीचा नियम म्हणून सांगा.

दारू आणि या गोळ्या एकत्र आल्या की सुस्ती दुप्पट होते, तोल जातो, श्वास मंदावू शकतो. देगलूर, बिलोली, धर्माबाद या सीमेवरच्या भागात शिंदीचा प्रश्न वेगळा आहे. तेलंगणात भेसळीच्या शिंदीमध्ये अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोरल हायड्रेट अशी गुंगीची द्रव्यं सापडल्याची प्रकरणं अनेकदा उघड झाली आहेत. गोळी घेणाऱ्यानं अशी शिंदी पिणं म्हणजे न मोजलेली झोपेची औषधं वरून घेणं. पण "आज प्यायलोय म्हणून आज गोळी नको" असं रोज होत असेल तर तेही डॉक्टरांना खरं खरं सांगा. ते रागावण्यापेक्षा उपाय शोधतील.

बिडी-सिगारेटचं एक गणित फार थोड्यांना माहीत असतं. तंबाखूच्या धुरामुळं यकृत क्लोझापिन आणि ओलान्झापिन लवकर संपवून टाकतं. त्यामुळं बिडी ओढणाऱ्याला डोस जास्त लागू शकतो. त्याने अचानक बिडी सोडली, किंवा दवाखान्यात भरती झाल्यामुळं सुटली, की तोच डोस अंगावर येतो : गुंगी, चक्कर, लाळ. बिडी सोडणं चांगलंच, फक्त सोडण्याआधी डॉक्टरांना सांगा. हा परिणाम धुराचा आहे, खाण्याच्या तंबाखूनं असा होत नाही.

दुसऱ्या दवाखान्यात गेलात तर

ताप, खोकला, उलटीसाठी गावातल्या डॉक्टरांकडं जातानाही चालू गोळ्यांची चिठ्ठी सोबत न्या. उलटीवरचं मेटोक्लोप्रामाइड या गोळ्यांसोबत दिलं तर मान आखडण्याचा आणि थरथरीचा त्रास वाढतो. सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकने रक्तातलं क्लोझापिन वाढतं. फिटसाठी दिलेलं कार्बामाझेपिन याउलट अनेक अँटिसायकोटिक औषधांचा असर कमी करतं. काही अँटिबायोटिक्स, उदाहरणार्थ अझिथ्रोमायसिन, यातल्या काही गोळ्यांसोबत हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करतात. नाव नसलेल्या पुड्या, 'मेंदूचं टॉनिक', चूर्ण यात काय मिसळलंय ते कळायला मार्ग नसतो, त्या टाळाच.

जुन्या चिठ्ठीवर मेडिकलवरून वर्षानुवर्षं गोळ्या आणणं ही आपल्याकडची सर्रास चूक. ही औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत, असा नियम आहे. शेजाऱ्याला लागू पडलेली गोळी आपल्या माणसाला देऊ नका. घरातले म्हातारे विसरभोळेपणामुळं रात्री ओरडतात, भटकतात म्हणून त्यांना यातली गोळी परस्पर देणं तर धोक्याचं. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी पक्षाघात आणि मृत्यूचा धोका वाढतो, असं आढळलं आहे.

तो गोळी घेतच नाही. मग?

हा घराघरातला सगळ्यात अवघड प्रश्न. आजारामुळंच "मला काही झालेलं नाही" असं वाटतं, त्यामुळं वाद घालून उपयोग होत नाही. "तू वेडा आहेस म्हणून गोळी घे" या वाक्यानं दार कायमचं बंद होतं. "झोप लागत नाही ना तुला, त्यासाठी घे" किंवा "तगमग कमी होईल" असं त्याला स्वतःला जाणवणाऱ्या त्रासावरून बोला. गोळी नको म्हणण्यामागं एखादा खरा त्रास आहे का, ते आधी विचारा.

अनेक घरी गोळी कुस्करून भाजीत किंवा चहात देतात. घरच्यांची अगतिकता खरी आहे. पण ज्याला आधीच 'अन्नात काहीतरी घालतात' असा संशय आहे, त्याला ते कळलं तर तो जेवण सोडतो आणि घरच्यांवरचा विश्वासही. शिवाय डोस नेमका किती गेला ते समजत नाही. त्याऐवजी डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा : जिभेवर विरघळणारी गोळी आहे का, आणि लांब असराचं इंजेक्शन देता येईल का. फ्लुफेनाझिनसारखं इंजेक्शन साधारण दोन ते चार आठवड्यांतून एकदा घ्यावं लागतं, रोजची गोळी आणि रोजचं भांडण दोन्ही वाचतं. ऊसतोडीला किंवा पुण्या-मुंबईला कामाला जाणाऱ्यांनी तर याचा विचार जरूर करावा.

साखळीनं बांधून ठेवणं, खोलीत कोंडणं हा मार्ग नाही. तमिळनाडूतल्या एरवाडीत 6 ऑगस्ट 2001 रोजी आग लागली तेव्हा साखळदंडात असलेल्या 28 मनोरुग्णांना पळताही आलं नाही, त्यांचा मृत्यू झाला. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 नुसार मनोरुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळीनं बांधण्यास मनाई आहे. अंगातलं भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण, चटके हा महाराष्ट्राच्या 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे. देवाला, दर्ग्याला जायला कुणाची ना नाही. नवस करा, प्रार्थना करा, पण गोळी बंद न करता.

कुठं जायचं, पैसे किती?

राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, मराठवाड्यात त्यातलं एकही नाही. पण बहुतेक रुग्णांना तिथं जायची गरजच नसते. ओपीडीत उपचार होतात.

- नांदेड : विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय, तिथं मनोविकार विभाग आहे.
- लातूर : विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था.
- तालुका पातळीवर : जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या दवाखान्यांत येतं. आपल्याकडचा वार कोणता, ते ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात नाहीतर आशाताईला विचारा. किनवट-माहूरच्या माणसाचा नांदेडला यायला अख्खा दिवस मोडतो, त्यामुळं हा वार माहीत असणं मोलाचं.
- फोनवर : टेली-मानस, 14416. ही केंद्र सरकारची सेवा 10 ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. रुग्ण बोलत नसेल तर घरच्यांनीही फोन करावा.

पैशांचं म्हणाल तर 2017 च्या कायद्यात स्पष्ट लिहिलं आहे की, अत्यावश्यक यादीतली मानसिक आजाराची औषधं ग्रामीण रुग्णालय आणि त्यावरच्या सरकारी दवाखान्यांत मोफत मिळायला हवीत. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपर, तपासणी, उपचार निःशुल्क आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाची रुग्णालयं वेगळ्या विभागाखाली येतात, तिथं काही शुल्क लागू शकतं. "औषध संपलंय, बाहेरून आणा" असं सांगितलं तर वैद्यकीय अधीक्षकांकडं लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बाहेरून घ्यावंच लागलं तर जनऔषधी केंद्रात औषधाचं मूळ नाव सांगून विचारा, बरंच स्वस्त पडतं.

आजार लांबला असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राचीही चौकशी करा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात मानसिक आजाराचा समावेश आहे. 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असल्यास संजय गांधी निराधार अनुदान योजनेसाठी तहसीलमध्ये अर्ज करता येतो. उत्पन्नाची अट असते, कागदपत्रं आधी विचारून घ्या.

कामाला बाहेर जाताना सोबत काय न्यायचं?

निघण्याच्या पंधरा दिवस आधी डॉक्टरांना सांगा, "चार-पाच महिने बाहेर जातोय." जितक्या जास्त दिवसांच्या मिळतील तितक्या गोळ्या घ्या. चिठ्ठीचा फोटो दोन जणांच्या मोबाईलमध्ये ठेवा. गोळ्या कोपीत चुलीजवळ किंवा उन्हात न ठेवता झाकणाच्या डब्यात ठेवा. फडापासून जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं, ते पहिल्याच आठवड्यात बघून या. निलंगा, देवणी, उदगीरचे बरेच लोक बिदरला, धर्माबाद-बिलोलीचे निजामाबादला दाखवतात. राज्य बदललं की मेडिकलवर कंपनी बदलते. त्यामुळं मूळ नाव आणि मिलिग्रॅम लिहिलेली वही बाळगा, नाहीतर एकच औषध दोन नावांनी दुप्पट घेतलं जातं.

आजार उलटण्याच्या आधीच्या खुणा

आजार बहुतेकदा एका रात्रीत उलटत नाही. दोन-चार आठवडे आधी इशारे मिळतात : झोप कमी होणं, एकटं राहणं, आंघोळ टाळणं, चिडचिड, बारीकसारीक गोष्टींवर संशय, मोबाईल-टीव्हीतून आपल्याबद्दल बोलतायत असं वाटणं. प्रत्येकाची सुरुवातीची खूण वेगळी असते. कुणी देवदेव वाढवतो, कुणी पैसे उधळतो. आपल्या माणसाची खूण कोणती, ते तो बरा असताना त्याच्याच तोंडून विचारून वहीत लिहून ठेवा. ती दिसली की पहिला प्रश्न "गोळी चालू आहे का?" आणि दुसरं काम डॉक्टरांना फोन. या टप्प्यावर डोस थोडा वाढवूनही काम भागतं, भरती टळते.

वहीच्या पहिल्या पानावर हे लिहा

1. औषधाचं मूळ नाव, मिलिग्रॅम, वेळ.
2. कधीपासून सुरू, डोस कधी बदलला.
3. आधी कोणत्या औषधानं त्रास झाला.
4. वजन, बीपी, शुगर, तारीख घालून.
5. आजार उलटण्याच्या आपल्या खुणा.
6. पुढची तारीख, डॉक्टर आणि आशाताईचा नंबर, 14416 आणि 108.

सोयाबीनची रास आणि ऊसतोडीची निघानिघ एकाच सुमारास येते, दवाखान्याची तारीख नेमकी त्याच गर्दीत बुडते. या वेळी गाठोडं बांधण्याआधी फळीवर हात फिरवून बघा. गोळ्या किती दिवसांच्या उरल्यात, ते मोजा.

*(ही माहिती सर्वसाधारण आहे. कोणतीही गोळी सुरू, बंद किंवा कमी-जास्त करण्याआधी आपल्या डॉक्टरांशी बोला.)*